रुग्णालयातली बाहेरची माणसं

पुण्या-मुंबईच्या किंवा नाशिक-नागपूरच्या कुठल्याही दीड-दोनशे खाटांच्या खासगी रुग्णालयात सकाळी सातला पाळी बदलते, तेव्हा आत येणाऱ्यांच्या खिशांवरची नावं वाचावीत. दारावरच्या रक्षकाच्या गणवेशावर एका एजन्सीचं नाव असतं, लादी पुसणाऱ्या मावशींच्या ॲप्रनवर दुसऱ्या कंपनीचं. नाश्त्याची ट्रॉली ढकलणारा मुलगा केटररचा असतो. मळक्या चादरींची गाठोडी भरून घेणारा टेम्पो लाँड्रीवाल्याचा, व्हेंटिलेटर तपासायला आलेला इंजिनिअर यंत्रकंपनीचा आणि कित्येक ठिकाणी रक्त घ्यायला येणारी मुलगीसुद्धा बाहेरच्या प्रयोगशाळेची असते. रुग्णाला आणि त्याच्या नातेवाइकांना यातलं काहीच ठाऊक नसतं. त्यांच्या दृष्टीनं ही सगळी रुग्णालयाचीच माणसं, आणि बिलही एकाच नावानं येतं.

कुठलं काम स्वतःकडे ठेवायचं आणि कुठलं ठेकेदाराला द्यायचं, हे आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांत खरेदी विभाग आणि लेखा विभाग ठरवतात. मुख्य काम उपचारांचं, बाकी सगळं दुय्यम, आणि दुय्यम काम स्वस्तात करून घ्यायचं, असा तो हिशोब. गेल्या तीन-चार दशकांत देशात आणि देशाबाहेर या हिशोबाचं काय झालं ते तपासलं, तर माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट दिसते: मुख्य आणि दुय्यम यांच्यामधली रेघ चुकीच्या ठिकाणी ओढली गेली आहे.

आपल्याकडच्या जुन्या धर्मादाय रुग्णालयांत स्वतःचं स्वयंपाकघर, धोबीघर, सुतार, वायरमन असं सगळं असे. मावशी आणि मामा कायम नोकरीत असत आणि एकाच वॉर्डात वीस-वीस वर्षं काढत. ती व्यवस्था आदर्श होती असं मी म्हणणार नाही. कामचुकार माणसाला हलवणं कठीण जाई, सणासुदीला गैरहजेरी वाढे, आणि पगारवाढीच्या वाटाघाटी वर्षानुवर्षं रेंगाळत. 1983 मध्ये चेन्नईत अपोलो सुरू झालं आणि कंपनीच्या मालकीच्या रुग्णालयांचं युग आलं. 1990 नंतर हॉटेलांच्या धर्तीवरचं हाऊसकीपिंग रुग्णालयांत शिरलं. मोठ्या शहरांत आणखी एक कारण होतं, ते म्हणजे जागा. स्वयंपाकघर आणि धोबीघर इमारतीबाहेर गेलं, की तेवढ्या चौरस फुटांत खाटा किंवा डायलिसिसची यंत्रं बसतात, आणि त्यांचं उत्पन्न रोजचं असतं.

पैशांचं गणित मात्र दिसतं तेवढं सरळ नाही. आरोग्यसेवा बहुतांशी जीएसटीमुक्त आहे, त्यामुळे रुग्णालयानं बाहेरच्या सेवांवर भरलेल्या कराची वजावट त्याला मिळत नाही. सफाई, सुरक्षा, मनुष्यबळ या सेवांवर 18 टक्के कर लागतो आणि तो सरळ खर्चात जातो. एक साधा हिशोब मांडू. कामगाराच्या 100 रुपये मजुरीवर मालकाच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी प्रशासकीय आकारासह सुमारे 13, ईएसआय 3.25, बोनस लागू असेल तर किमान 8.33. बेरीज जवळजवळ 125. माणूस रुग्णालयाच्या पगारावर असेल, तर हिशोब इथे थांबतो. ठेकेदाराकडून घेतला आणि त्याचा मोबदला आठ टक्के धरला, तर आकडा साडेचौतीस वर शंभर, म्हणजे 134.50 होतो, आणि त्यावर 18 टक्के कर चढला की जवळजवळ 159 होतो. म्हणजे त्याच माणसाला, त्याच मजुरीत, कायदा पाळून बाहेरून आणायचं तर सव्वापटीहून अधिक पैसे पडतात.

तरीही रुग्णालयं काम बाहेर देतात आणि त्यांचा खर्च कमी होतो. ही बचत येते कुठून? काही अंशी ती खरोखर चांगल्या व्यवस्थेतून येते: यंत्रं, प्रशिक्षित सुपरवायझर, एक माणूस न आला तर पाठवायला दुसरा रिलिव्हर. उरलेली बचत दोन ठिकाणांहून येते. एक, कायम कामगाराचा वर्षानुवर्षं वाढत गेलेला पगार आणि किमान वेतन यांच्यातला फरक. दुसरी, माणसांची संख्या. टेंडरमध्ये एका पाळीला बारा जण लिहिलेले असतात. प्रत्यक्षात नऊ येतात आणि त्यातले दोघं रात्रीची ड्यूटी संपवून तसेच सकाळच्या पाळीला उभे राहिलेले असतात. दर सगळ्यात कमी लावणाऱ्यालाच काम मिळणार असेल, तर ठेकेदाराजवळ दुसरा मार्गही राहत नाही. वाजवी हिशोबाखालचा दर मंजूर करणाऱ्या व्यवस्थापनाला तो कशातून भरून निघणार हे कळत नाही, असं मानणं कठीण आहे.

आता सेवा एकेक करून पाहू. सगळ्यांना एकच न्याय लावता येत नाही.

वाहनतळ, बाग, इमारतीच्या काचा, कीटकनियंत्रण, लिफ्टची देखभाल ही कामं बाहेर द्यावीत. त्यात वाद नाही. एमआरआय, सीटी स्कॅन यांसारख्या यंत्रांची वार्षिक देखभाल बनवणाऱ्या कंपनीकडेच असणं शहाणपणाचं आहे, कारण ते ज्ञान आणि सुटे भाग एका रुग्णालयाला पदरी बाळगणं परवडत नाही.

जैववैद्यकीय कचऱ्याची विल्हेवाट तर कायद्यानंच बाहेर द्यावी लागते. 2016 च्या नियमांनुसार 75 किलोमीटरच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र उपलब्ध असेल, तर रुग्णालयाला स्वतःचं केंद्र उभारता येत नाही. पिशव्यांवर बारकोड हवा आणि प्रक्रिया न केलेला कचरा 48 तासांहून जास्त साठवता येत नाही. ही व्यवस्था योग्यच आहे; प्रत्येक रुग्णालयाच्या मागच्या अंगणात धूर ओकणारी भट्टी असण्यापेक्षा ती शतपटीनं बरी. पण कचऱ्याची वर्गवारी खाटेपाशी होते. सलाइनच्या नळ्या लाल पिशवीत जायला हव्यात. त्या पिवळ्या पिशवीत गेल्या, की क्लोरीनयुक्त प्लास्टिक भट्टीत जळतं आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं हवेत जातात. पुढची सगळी साखळी खाटेपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या सवयीवर चालते, आणि तो माणूस बहुधा सफाईच्या कंत्राटावरचा असतो.

ऑक्सिजनची गोष्ट वेगळीच. 21 एप्रिल 2021 रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, दाब कोसळला आणि त्या दिवशी 22 रुग्ण दगावले. रुग्णालय महापालिकेचं होतं, खासगी नव्हे. पण टाकी आणि तिची देखभाल खासगी कंपनीकडे कंत्राटानं होती. तशीच रचना आज असंख्य खासगी रुग्णालयांत आहे. टाकी कंपनीची असायला हरकत नाही. पण झडप कुठे आहे, ती कशी बंद करायची, पर्यायी सिलिंडरांची रांग किती मिनिटांत जोडता येते, हे चोवीस तास रुग्णालयाच्या आवारात असणाऱ्या, रुग्णालयाच्याच पगारावरच्या माणसाला हात बसल्यासारखं यायला हवं. ठेकेदाराच्या तंत्रज्ञाला फोन लावून वाट पाहायची मुभा त्या कामात नाही.

सुरक्षेबाबत महाराष्ट्रात एक जुनी तरतूद आहे. 1981 च्या कायद्यानं स्थापन झालेल्या सुरक्षा रक्षक मंडळांकडून रक्षक घेता येतात, आणि त्यांचं वेतन नि भविष्यनिर्वाह निधी मंडळामार्फत जातो. खासगी एजन्सींना 2005 चा केंद्रीय कायदा लागू आहे. मला इथे काळजी प्रशिक्षणाची वाटते. 9 डिसेंबर 2011 च्या पहाटे कोलकात्याच्या एएमआरआय रुग्णालयात आग लागली आणि सुमारे 90 माणसं मेली. शेजारच्या वस्तीतले लोक मदतीला धावले, पण रक्षकांनी सुरुवातीला त्यांना फाटकावरून परत पाठवलं, असं तिथल्या रहिवाशांनी सांगितलं. ते रक्षक कोणाच्या पगारावर होते हा इथला मुद्दा नाही. नातेवाइकांना अडवणं एवढंच ज्याला शिकवलं आहे, तो आग लागल्यावरही माणसं अडवतच राहील. दुसऱ्या मजल्यावरच्या अतिदक्षता विभागातून रुग्ण खाली कसे आणायचे याचा सराव परिचारिकांबरोबर रक्षकांनीही करायला हवा, आणि दर तीन महिन्यांनी रक्षक बदलत असतील तर तो सराव कागदावरच राहतो.

स्वयंपाकघर बाहेर देता येतं, अट एकच: आहारतज्ज्ञ रुग्णालयाची असावी आणि ताट निघण्यापूर्वी ते अडवण्याचा अधिकार तिला असावा. मूत्रपिंडाच्या रुग्णाच्या ताटात नारळपाणी किंवा केळं जाणं ही छोटी चूक नसते. केटररला शंभर ताटं एकसारखी करणं परवडतं, रुग्णाला ते परवडत नाही. लाँड्रीचंही असंच. रक्त लागलेलं कापड वेगळ्या पिशवीतून जातं का, ते 70 अंशांच्या वरच्या पाण्यात धुतलं जातं का, आणि धुतलेले कपडे ज्या टेम्पोनं मळके गेले त्याच टेम्पोतून, तो न पुसता, परत येतात का, एवढं बघायला महिन्यातून एकदा न सांगता लाँड्रीत जाऊन यावं लागतं. दर किलोचा भाव ठरवताना घासाघीस करणारे किती जण तिथे जातात?

वॉर्डातल्या सफाईबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण या सगळ्या प्रश्नाचं मर्म तिथे आहे. अतिदक्षता विभागातली एक खाट रिकामी होते. पुढचा रुग्ण कॅज्युअल्टीत थांबलेला असतो, वरून फोन येत असतो. मावशींना खाटेचे कठडे, गादीची दोन्ही अंगं, मॉनिटरच्या तारा, सलाइनचा स्टँड, बेल, कपाटाची मूठ हे सगळं ठराविक क्रमानं, स्वच्छाकडून अस्वच्छाकडे, पुसायचं असतं. जंतुनाशकाचं द्रावण ठराविक प्रमाणात आणि ताजं हवं, आणि पुसल्यावर ते काही मिनिटं ओलं राहायला हवं, नाहीतर जंतू मरत नाहीत. हिपॅटायटिस बीचा विषाणू कोरड्या पृष्ठभागावर किमान सात दिवस जिवंत राहू शकतो. घाईत एक कठडा राहिला, तर डॉक्टरांच्या कौशल्यानं आणि महागड्या प्रतिजैविकांनी मिळवलेलं तिथे हरवतं. या कामाला दुय्यम म्हणायचं कसं?

इंग्लंडमध्ये याचा मोठा अनुभव गाठीशी आहे. 1983 मध्ये तिथल्या सरकारनं राष्ट्रीय आरोग्यसेवेतल्या रुग्णालयांना सफाई, जेवण आणि धुलाई यांसाठी टेंडर मागवणं भाग पाडलं. पुढे 126 रुग्णालय-न्यासांची 2010 ते 2014 ची माहिती संशोधकांनी तपासली. जिथे सफाई बाहेर दिली होती, तिथे खर्च कमी होता. पण एमआरएसए या औषधांना न जुमानणाऱ्या जंतूच्या संसर्गाचं प्रमाण सुमारे दीडपट होतं, दर खाटेमागे सफाई कामगार कमी होते आणि स्वच्छतेबद्दल रुग्णांचं मतही वाईट होतं. स्कॉटलंडनं 2008 मध्ये रुग्णालयांची सफाई आणि जेवण यांची नवी कंत्राटं बंद केली. जानेवारी 2018 मध्ये कॅरिलियन ही बडी ठेकेदार कंपनी कोसळली, तेव्हा रुग्णालयांतल्या सेवा चालू ठेवण्यासाठी सरकारला धावावं लागलं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियानं 2002 मध्ये कायदा करून ही कामं खासगी कंपन्यांना दिली, आणि 2021 मध्ये तिथल्याच सरकारनं हजारो कामगार परत आपल्या पटावर घेण्याचं जाहीर केलं. ही सगळी उदाहरणं सरकारी व्यवस्थेतली आहेत, आणि आपल्या खासगी रुग्णालयांचा असा तौलनिक अभ्यास व्हायला हवा. पण जंतूंना मालकी कळत नाही.

आपल्याकडची परिस्थिती एका लसीवरून समजते. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला हिपॅटायटिस बी आणि धनुर्वात यांची लस देणं 2016 च्या नियमांनी रुग्णालयावर बंधनकारक केलं आहे. हिपॅटायटिस बीचे तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा महिन्यानं, तिसरा सहाव्या महिन्यात. कंत्राटी सफाईत माणूस चार महिन्यांत सोडून जातो, किंवा ठेकेदार त्याला दुसऱ्या साइटवर पाठवतो, किंवा अकरा महिन्यांचं कंत्राट संपून नवी कंपनी येते आणि नवी माणसं आणते. नव्या जागी पुन्हा पहिला डोस. असं करत दोन-तीन रुग्णालयांत काम केलेल्या बाईचं लसीकरण कागदोपत्री प्रत्येक ठिकाणी सुरू झालेलं असतं आणि पूर्ण कुठेच झालेलं नसतं. तिला कचऱ्यातली सुई टोचली तर? लस न घेतलेल्या माणसाला संसर्गित सुईतून हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता 30 टक्क्यांपर्यंत जाते. एचआयव्हीची शक्यता खूपच कमी, हजारात तीन. पण त्यावरची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त 72 तासांत सुरू व्हावी लागतात. सुई टोचल्याचं सांगितलं तर निष्काळजी ठरवतील, ड्यूटी जाईल, या भीतीनं ती गप्प राहते. रुग्णालयाची परिचारिका असती तर संसर्ग-नियंत्रण विभागाच्या वहीत तिचं नाव लगेच चढलं असतं.

रुग्णाला स्ट्रेचरवरून हलवणारे, कुशीवर वळवणारे, शौचाला नेणारे वॉर्डबॉय आणि आया यांनाही हाच न्याय. मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला कसं वळवायचं हे आठवड्याभरापूर्वी आलेल्या मुलाला कोण शिकवणार? परिचारिका त्याला काम सांगतात, पण त्याची हजेरी, रजा आणि पगार ठेकेदाराच्या सुपरवायझरच्या हातात असतो. दोन मालकांच्या मधे उभं राहून काम करणाऱ्याकडून जबाबदारीची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

प्रयोगशाळा, डायलिसिस आणि रेडिओलॉजी यांनाही काही ठिकाणी हल्ली बाहेर द्यायच्या कामांच्या यादीत बसवतात. ही सरळ वैद्यकीय सेवा आहे. तिला पूरक सेवा म्हणणं मला मान्य नाही. छोट्या शहरातल्या रुग्णालयाला रात्री दोन वाजता पुण्यात बसलेल्या रेडिओलॉजिस्टकडून सीटीचा अहवाल मिळत असेल, तर ते नक्कीच चांगलं. पण उत्पन्नातला वाटा आणि किमान तपासण्यांची हमी अशी कलमं करारात शिरली, की तपासणी रुग्णासाठी सांगितली की करारासाठी, हा संशय दूर करता येत नाही.

आणि संगणक. नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरांवर हल्ला झाला आणि जवळजवळ दोन आठवडे कारभार हातानं लिहून चालवावा लागला. फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातल्या कॅमेऱ्यांची दृश्यं इंटरनेटवर विकली जात असल्याचं उघड झालं. कॅमेरे बसवणारा बाहेरचा असेल, पण तपासणीच्या खोलीत कॅमेरा लावायचा निर्णय रुग्णालयाचा असतो. 2023 च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्यानं माहिती दुसऱ्याकडे हाताळायला दिली तरी उत्तरदायित्व मूळ संस्थेवरच ठेवलं आहे.

कामगार कायद्याची दिशा मात्र उलटी आहे. 1970 चा कंत्राटी कामगार कायदा विचारत असे की काम बारमाही आहे का, आणि नेहमीचे कामगार ते करतात का. त्यावरून सरकार कंत्राटी पद्धत बंद करू शकत असे. 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्टील अथॉरिटीच्या खटल्यात सांगितलं, की अशी बंदी आली तरी कामगार आपोआप कायम होत नाहीत. नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता वेगळा प्रश्न विचारते: काम आस्थापनेच्या मुख्य उद्योगाचं आहे का? मुख्य कामात कंत्राटी कामगार नकोत, पण सफाई, सुरक्षा, कँटीन, धुलाई, बागकाम ही कामं सर्वसाधारणपणे मुख्य नव्हेत, अशी यादीच तिनं दिली आहे. कापडगिरणीसाठी ही यादी ठीक आहे. रुग्णालयातली सफाई तीनशे पासष्ट दिवसांची आणि उपचाराचा भाग, तरी याच यादीत मोडेल. शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता विभागातल्या सफाईला त्यातून वगळणारा खुलासा सरकारनं करायला हवा.

रुग्णाच्या बाजूनं न्यायालयांची भूमिका जास्त ठाम आहे. 2004 मध्ये सविता गर्ग यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की डॉक्टर पगारी नोकर आहे की करारावर आलेला, यावरून रुग्णालयाची रुग्णाप्रति जबाबदारी कमी होत नाही. तेच तत्त्व मावशी, वॉर्डबॉय आणि रक्षक यांच्या कामाला लागू होणं न्यायाचं आहे. रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या एनएबीएच या मंडळाची मानकंही बाहेर दिलेल्या सेवांसाठी गुणवत्तेचे निकष असलेला लेखी करार मागतात. तपासणीच्या आठवड्यात त्या फायली चकचकीत असतात. एरवी त्या कोण उघडतं, हे प्रत्येक प्रशासकानं स्वतःला विचारावं.

माझा निष्कर्ष असा: जे काम रुग्णाच्या शरीराला, जखमेला, ताटाला किंवा श्वासाला लागतं, त्यावरचा ताबा रुग्णालयानं सोडू नये. अतिदक्षता विभाग, शस्त्रक्रियागृह आणि प्रसूतिगृह इथली सफाई आणि रुग्ण हलवणारी माणसं स्वतःच्या पटावर घ्यावीत. वर मांडलेला कराचा हिशोब पाहता ते वाटतं तेवढं महाग नाही. बाकीची कामं खुशाल बाहेर द्यावीत. फक्त मजुरी, पीएफ आणि ईएसआय यांची बेरीज करून त्याखालचा दर आला तर तो लिफाफा बाद करावा, आणि संसर्ग-नियंत्रण परिचारिकेच्या सहीशिवाय ठेकेदाराचं मासिक बिल मंजूर करू नये.

आपल्या गावातल्या रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळावर किंवा व्यवस्थापनात जे वाचक आहेत, त्यांना एक विनंती. पुढच्या बैठकीत सफाईचं कंत्राट नूतनीकरणाला येईल, तेव्हा दरांचा तक्ता पाहण्याआधी गेल्या वर्षी वॉर्डांत काम केलेल्या कंत्राटी माणसांची यादी मागवा आणि त्यातल्या किती जणांचा हिपॅटायटिस बीचा तिसरा डोस झाला आहे, तो आकडा विचारा.